२५२० मध्ये गूढ काय आहे?

प्रश्न : व्हॉट्सॲपवर एक संदेश सारखा फिरतो. २५२० ही म्हणे गूढ संख्या आहे. १ पासून १० पर्यंत प्रत्येक संख्येने तिला निःशेष भाग जातो, अशी संख्या सापडणं जवळजवळ अशक्य, आणि तिचं रहस्य ७ × ३० × १२ मध्ये, म्हणजे आठवड्याचे दिवस, महिन्याचे दिवस आणि वर्षाचे महिने यांत दडलेलं आहे. शोध रामानुजन यांचा, असंही त्यात आहे. माझी नात सहावीत शिकते. ती म्हणाली, "आजोबा, हा तर नुसता लसावि आहे." कोणाचं खरं मानू? (एक आजोबा, सांगली)

उत्तर : नातीचं. तिला माझ्याकडून शाबासकी द्या, आणि तो संदेश तुम्ही पुढे पाठवला असेल तर मागोमाग तिचं वाक्यही पाठवा.

संदेशातलं एक विधान खरं आहे. २५२० ला १ ते १० पैकी कुठल्याही संख्येने भाग जातो. ७ ने भागलं तर ३६० येतात, ८ ने ३१५, ९ ने २८०. पण अशी संख्या सापडणं अशक्य वगैरे मुळीच नाही. १ ते १० यांचा सरळ गुणाकार करा, ३६,२८,८०० येतील. सगळ्यांना गुणूनच ती केली आहे, तेव्हा सगळ्यांनीच तिला भाग जाणार. तिची दुप्पट करा, तिप्पट करा, तरी जाणार. अशा संख्या अगणित आहेत. शोधायची असते ती त्यांतली सर्वांत लहान, आणि ती २५२०.

एखाद्या संख्येच्या पटी म्हणजे तिच्या पाढ्यात येणाऱ्या संख्या. शाळेतला पाढा 'दाहे'वर थांबतो एवढंच. सातच्या पटी काही सत्तरला थांबत नाहीत. ४ च्या पटी ४, ८, १२, १६, २०, २४ अशा जातात, ६ च्या ६, १२, १८, २४. दोन्हीकडे सापडतात १२, २४, ३६, ४८... या सामाईक पटी, पाठ्यपुस्तकात ज्यांना सामाईक विभाज्य म्हणतात त्या. यादी नीट पाहिलीत तर हा निव्वळ बाराचा पाढा आहे, आणि तो तसाच असावा लागतो. समजा, ४ आणि ६ ची एखादी सामाईक पट बाराच्या पाढ्यात बसत नाही. मग तिला १२ ने भागल्यावर बाराहून लहान अशी काहीतरी बाकी उरेल. मूळ संख्येला ४ ने आणि ६ ने भाग जातो, तिच्यातून काढून टाकलेल्या बारांनाही जातो, म्हणजे बाकीलाही गेलाच पाहिजे. पण बाराहून लहान सामाईक पट तर नाहीच! तेव्हा बाकी उरत नाही. लहानात लहान सामाईक पट, म्हणजेच लसावि, हाती लागली की उरलेल्या सगळ्या तिच्या पाढ्यात मिळतात. म्हणून २५२० गूढ असेल तर ५०४०, ७५६०, १००८० ही सगळी रांगच गूढ मानावी लागेल.

आता २५२० जमते कशी ते पाहा. एकेक संख्या घेत चला आणि जेवढं कमी पडेल तेवढंच घाला. २ साठी २. ३ साठी त्याला तिनाने गुणा, ६. ४ ला दोन वेळा २ लागतो, एक आपल्याकडे आहे, म्हणून आणखी एकच घाला, १२. ५ साठी ६०. सहाला काहीच लागत नाही, त्याचे २ आणि ३ आधीच आत आहेत. ७ साठी ४२०. ८ ला तीन वेळा २ हवा, एक कमी आहे, ८४०. ९ ला ३ दोनदा हवा, एक कमी आहे, २५२०. आणि १० फुकट. याच चालीने पुढे गेलात तर ११ साठी २७,७२० होतात, आणि तिथे १२ फुकट मिळतो. १३ साठी ३,६०,३६० झाले की १४ आणि १५ दोन्ही फुकट. ३६,२८,८०० आणि २५२० यांच्यातली तफावत, म्हणजे १४४० पट, ही सगळी अशा फुकट किंवा अर्ध्या फुकट आलेल्या संख्यांची कमाई. संख्यांमध्ये जितकं सामाईक असेल तितकी त्यांची पहिली गाठ लवकर पडते. खालच्या सगळ्या उत्तरांना हे एवढंच पुरणार आहे.

७ × ३० × १२ चं काय? ३० × १२ म्हणजे ३६०, आणि ३६० ला १ ते १० पैकी फक्त सातने भाग जात नाही. सातने गुणलं की काम संपलं. एरवी आठवड्याचे दिवस गुणिले महिन्याचे दिवस गुणिले वर्षाचे महिने हा कशाचा हिशोब, ते संदेश लिहिणाऱ्यालाच ठाऊक. खरं ३६५ दिवसांचं वर्ष घेऊन सातने गुणा, २५५५ येतात. त्याला दोननेही भाग जात नाही.

रामानुजन यांचं नाव मात्र अगदीच हवेतलं नाही. १९१५ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा एक मोठा निबंध छापून आला. आपल्याहून लहान कुठल्याही संख्येपेक्षा जिला जास्त विभाजक आहेत, अशा संख्यांवर तो होता. २५२० ही त्यांतली एक. तिला ४८ विभाजक आहेत, आणि तिच्या खालच्या एकाही संख्येला तेवढे नाहीत. पण लसावि काढण्याची रीत त्याहून फार जुनी. युक्लिडच्या 'एलिमेंट्स'च्या सातव्या भागात ती आहे. आपल्याकडे इ.स. ८५० च्या सुमारास महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रहा'त तिला 'निरुद्ध' असं नाव देऊन नियम सांगितला. महावीराचार्य राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले. वेरूळचं कैलास लेणं कोरवणाऱ्या राजांचं हेच घराणं. या 'निरुद्धा'चं काम रोखठोक होतं. १/८ आणि १/१२ ची बेरीज करायची तर छेद किती घ्यायचा? ९६ घेऊनही चालतं, पण मग आकडे फुगतात आणि शेवटी संक्षेप करत बसावं लागतं. २४ घेतले की ३/२४ आणि २/२४, मिळून ५/२४, हिशोब संपला.

ज्या मापाला पुष्कळ वाटण्या सोसायच्या आहेत ते माप माणसाने पुष्कळांची सामाईक पट होईल असंच निवडलेलं दिसतं. प्लेटोने 'लॉज' या संवादात आदर्श नगरात ५०४० कुटुंबं असावीत असं म्हटलं, कारण जमीन, कर, सैन्य काहीही वाटायचं झालं तरी १ ते १० कुठलाही भाग निघतो आणि १२ चाही. अकराने भाग जात नाही हे त्याच्या ध्यानात होतं. दोन कुटुंबं कमी केली की तेही जमतं, असं त्याने लिहून ठेवलं, आणि ५०३८ ला अकराने खरोखरच भाग जातो. तुम्हाला आणे आठवत असतील. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे किंवा १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. अधेली, पावली, चवल सगळं सरळ निघायचं, आणि रुपया तिघांत वाटायचा तर ५ आणे ४ पै, एक पैही वाया न जाता. १ एप्रिल १९५७ ला शंभर नवे पैसे आले आणि तिघांच्या वाटणीत एक पैसा उरू लागला. पाचांची वाटणी मात्र तेव्हापासून सोपी झाली, हेही मान्य करायला हवं.

नातीला आता एक उलट कोडं घाला. १० ने भागल्यावर बाकी ९, ९ ने भागल्यावर ८, ८ ने भागल्यावर ७, असं खाली येत येत २ ने भागल्यावर बाकी १ उरते, अशी लहानात लहान संख्या कोणती? ती बहुतेक कागद न घेताच सांगेल. प्रत्येक भागाकारात एकच कमी पडतोय, तेव्हा २५२० मधून एक काढला की २५१९.

प्रश्न : लसावि आणि मसावि यांचा गुणाकार दिलेल्या संख्यांच्या गुणाकाराएवढा असतो, हा नियम मी तीन संख्यांना लावला आणि उत्तर चुकलं. शिवाय ० ही प्रत्येक संख्येची पट असेल तर सगळ्यांचा लसावि शून्यच का नाही? (शाळकरी वाचक, परभणी)

उत्तर : नियम दोन संख्यांपुरताच आहे. ६, १०, १५ घे. तिघांचा मसावि, म्हणजे सर्वांत मोठा सामाईक विभाजक, १, लसावि ३०, पण गुणाकार ९००. दोन संख्यांत जे सामाईक असतं ते एकदाच जास्तीचं मोजलं जातं, म्हणून मसाविने एकदा भागून भागतं. तीन संख्यांत सहा आणि दहाचं सामाईक २, दहा आणि पंधराचं ५, सहा आणि पंधराचं ३. तिघांचं मिळून काहीच नाही. मसावि १ निघतो आणि जोड्यांमधलं हे सगळं त्याला दिसतच नाही. तीन संख्या आल्या की दोघींचा लसावि काढ आणि त्याचा तिसरीबरोबर पुन्हा लसावि काढ.

शून्याबद्दल तुझं म्हणणं बरोबर आहे. ७ × ० = ०, तेव्हा शून्य सातची पट आहेच, आणि इतर सगळ्यांचीही. म्हणूनच लसाविच्या व्याख्येत शून्य सोडून सर्वांत लहान असं धरतात. नाहीतर प्रत्येक गणिताचं उत्तर एकच आलं असतं. मुलांना आवडलं असतं, उपयोग शून्य.

प्रश्न : मी तबला शिकते. गुरुजींनी सात मात्रांचा एक बोल त्रितालात न थांबता वाजवत राहायला सांगितलं. "समेवर आपोआप येशील," म्हणाले. माझा मोजताना गोंधळ उडतो. नक्की कधी येते सम? (एक विद्यार्थिनी, मिरज)

उत्तर : त्रिताल सोळा मात्रांचा आणि सम ही त्याची पहिली मात्रा, तेव्हा सोळा सत्ते बारोत्तरशे. ११२ मात्रा झाल्या की. तेवढ्यात तुमचा बोल १६ वेळा वाजतो, त्रितालाची ७ आवर्तनं पूर्ण होतात, आणि ११३ वी मात्रा ही दोघांचीही पहिली. सात आणि सोळा यांत १ सोडून कुठलाच सामाईक विभाजक नाही, अशा जोडीला सहमूळ संख्या म्हणतात, आणि सहमूळ जोडीचा लसावि म्हणजे पुरता गुणाकार. याहून आधी सुटका नाही.

मधल्या काळात जे घडतं ते ऐकण्यासारखं असतं. तुमचा बोल पहिल्यांदा समेवरून निघतो, दुसऱ्यांदा आठव्या मात्रेवरून, तिसऱ्यांदा पंधराव्या, मग पुढच्या आवर्तनाच्या सहाव्या, तेराव्या, त्यापुढे चौथ्या, अकराव्या, दुसऱ्या. नवव्यांदा तो थेट नवव्या मात्रेवर, म्हणजे बरोबर खालीवर येतो. तिथे निम्मी वाट सरलेली असते. सोळा वेळा वाजताना तो त्रितालाच्या सोळाही मात्रांवरून एकेकदाच निघतो. एक मात्रा सुटत नाही, एकही दोनदा येत नाही. बोल तोच असतो, पण दर वेळी ठेक्यातल्या वेगळ्या जागी पडल्याने नवा वाटतो.

तुलनेला दहा मात्रांचा बोल घ्या. लसावि ८०, पाच आवर्तनांत सम. पण तो फक्त विषम मात्रांवरूनच निघेल, दोन, चार, सहा अशा मात्रा त्याच्या वाट्याला कधीच येणार नाहीत. बारा मात्रांचा घेतलात तर ४८ मध्ये, तीनच आवर्तनांत काम संपतं, आणि तो निघतो १, १३, ९, ५ वरून, म्हणजे नेमका विभागांच्या तोंडांवरून. म्हणून तो कानाला जरा गुळगुळीत लागतो. गुरुजींनी बारा न देता सात दिले यात त्यांचा अनुभव दिसतो.

एकच पल्ला तीनदा वाजवून समेवर येणाऱ्या तिहाईतही हाच हिशोब, फक्त एक जास्तीचा धरून, कारण शेवटचा 'धा' पुढच्या समेवर पडायचा असतो. समेपासून उचललीत तर एका आवर्तनात १७ मात्रा हव्यात. १७ ही तीनची पट नाही, म्हणून मध्ये न थांबता वाजवायची बेदम तिहाई पूर्ण मात्रांत बसत नाही; पाच मात्रांचा पल्ला तीनदा आणि मध्ये एकेक मात्रेचा दम, अशी दमदार बसते. दोन आवर्तनांची घ्या, ३३ मात्रा, अकरा-अकराची बेदम चपखल. आणि खालीपासून उचललीत तर नवव्या मात्रेपासून समेपर्यंत ९, म्हणजे तीन-तीनची. लयीत अडकलात तर मात्रा मोजू नका. बोल हाताला सोडून द्या आणि आवर्तनं बोटांवर मोजा. सातच आहेत.

प्रश्न : इथे २०२४ च्या उन्हाळ्यात सिकाडा किड्यांच्या दोन फौजा एकदम जमिनीतून बाहेर आल्या. असं २२१ वर्षांनी होतं असं टीव्हीवर सांगत होते. खरं का? (एक वाचक, शिकागो)

उत्तर : त्या दोन विशिष्ट फौजांपुरतं खरं. एक दर १३ वर्षांनी येते, दुसरी दर १७ वर्षांनी. दोन्ही मूळ संख्या, त्यामुळे लसावि १३ × १७ = २२१. आधीची गाठ १८०३ मधली, जेफरसन अध्यक्ष असतानाची. पुढची २२४५ मध्ये. पण १७ वर्षांच्या फौजा अनेक आहेत आणि प्रत्येकीचं साल वेगळं. तेरा वर्षांची तीच फौज १९९८ मध्ये दुसऱ्या एका सतरावालीबरोबर वर आली होती. तेव्हा 'सिकाडांचा योग २२१ वर्षांनी' हे ऐकायला भारदस्त असलं तरी अर्धवट. या किड्यांनी मूळ संख्याच का धरल्या यावर एक लोकप्रिय तर्क आहे. बारा वर्षांनी येणारा किडा दोन, तीन, चार किंवा सहा वर्षांचं चक्र असलेल्या शत्रूला दर खेपेला सापडेल, तेराचा क्वचित. तर्क सुंदर आहे. जीवशास्त्रज्ञांचं त्यावर एकमत मात्र नाही.

प्रश्न : ट्रंकेत १९९७ चं कॅलेंडर सापडलं. तारखा आणि वार २०२५ शी तंतोतंत जुळतात, पण बहुतेक सण जुळत नाहीत. गुढीपाडवा १९९७ मध्ये ८ एप्रिलला होता, २०२५ मध्ये ३० मार्चला. असं का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : वारांचा हिशोब सात आणि चार यांचा आहे. लीप वर्ष दर चार वर्षांनी, वार सात; लसावि २८. १९९७ अधिक २८ म्हणजे २०२५. साध्या वर्षाचं कॅलेंडर मधल्या काळातही ६ किंवा ११ वर्षांनी जमून जातं, म्हणून २०१४ चंही चाललं असतं आणि २०३१ ला २०२५ चं चालेल. लीप वर्षाला मात्र पुरी २८ वर्षं थांबावं लागतं. २०२४ चं कॅलेंडर ठेवायचं तर २०५२ पर्यंत ठेवा. २१०० हे लीप वर्ष नसणार, तिथे ही साखळी तुटेल, आणि पूर्ण चक्र ४०० वर्षांचं होईल. इथे कॅलेंडरवाल्यांचं नशीब चांगलं. ४०० वर्षांत १,४६,०९७ दिवस असतात आणि त्यांना सातने नेमका भाग जातो, २०,८७१ आठवडे. तो गेला नसता तर ४०० आणि ७ यांचा लसावि, म्हणजे २८०० वर्षं वाट पाहावी लागली असती.

बहुतेक सण चंद्रावर चालतात, आणि इथे लसाविची पंचाईत होते. लसावि पूर्ण संख्यांचा निघतो. चांद्रमास साधारण २९.५३ दिवसांचा, वर्ष ३६५.२४ दिवसांचं, यांना नेमकी सामाईक पट नाही, जवळपासची शोधावी लागते. ती १९ वर्षांची निघते. १९ वर्षांत बारा-बारा महिने आणि वर सात अधिक मास मिळून २३५ चांद्रमास होतात, आणि दोन्हींच्या दिवसांत जेमतेम दोन तासांचा फरक राहतो. तुमच्याच उदाहरणात पाहा. १९९७ चा ८ एप्रिलचा पाडवा २०१६ मध्ये पुन्हा ८ एप्रिललाच आला होता, आणि २०२५ चा ३० मार्चचा पाडवा २००६ मध्येही ३० मार्चलाच होता. तिथीने वाढदिवस करणाऱ्या घरांत एकोणिसाव्या आणि अडतिसाव्या वर्षी तिथी आणि तारीख बहुधा एकत्र येतात, फार तर एखाद्या दिवसाचा फरक. वार जुळायला २८ आणि सण जुळायला १९, मग दोन्ही जुळायला ५३२. तुमच्या ट्रंकेतल्या कॅलेंडरला तेवढा दम नाही.

जुन्या ज्योतिर्विदांना ही अपूर्णांकांची कटकट चांगलीच ठाऊक होती. त्यांच्या साठ संवत्सरांच्या चक्रात गुरूची फेरी १२ वर्षांची धरली तर पाच फेऱ्या बसतात, शनीची ३० ची धरली तर दोन. पण गुरूची फेरी खरं तर १२ वर्षांहून थोडी कमी असते, तेव्हा साठ हा ढोबळ हिशोब. इ.स. ४९९ च्या सुमाराला आर्यभटाने उलटी वाट धरली. ४३,२०,००० वर्षांचं एक प्रचंड युग घेतलं आणि त्यात प्रत्येक ग्रहाच्या पूर्ण फेऱ्या दिल्या. गुरूच्या ३,६४,२२४, शनीच्या १,४६,५६४, चंद्राच्या ५,७७,५३,३३६. भागून पाहा, गुरूची एक फेरी ११.८६ वर्षांची निघते, शनीची २९.४८. सामाईक पट आधी ठरवली, आणि अपूर्णांक लिहावाच लागला नाही.